बिजवर

त्या एका महिन्यात हिंदुराव लोहारांनी सोळा ठिकाणी बिजवराची चौकशी केली. पुण्यातल्या मुलाच्या कानावर हे गेलं असतं तर तो मिळेल त्या बसनं कोल्हापूरला आला असता, कारण बापाचं वय एकसष्ट, आईला जाऊन चार वर्षं झालेली, आणि बाप तर स्वयंपाकाला बाई ठेव म्हटलं तरी फोन ठेवून देणारा. उद्यमनगरात मात्र कुणी भुवईसुद्धा वर केली नाही. तिथं बिजवर म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना म्हणजे मागं उरलेल्या चार-सहा जणांना.

ही भाषा कुठून आली ते आधी सांगितलेलं बरं.

एकाच कारखान्यात, एकाच दिवशी, एकाच साच्यातून निघालेल्या दोन चिपा कधीच हुबेहूब सारख्या नसतात. आतल्या रेघा इतक्या बारीक, की चार अणू इकडचे तिकडे झाले तरी वीज वाहायची ढब बदलते. प्रत्येक चिपेला जणू स्वतःचा अंगठ्याचा ठसा असतो. शास्त्रज्ञांना हे फार पूर्वीपासून माहीत होतं, पण त्याचा उपयोग मोठ्या प्रमाणावर झाला तो दहा-बारा वर्षांपूर्वी. बनावट सुट्या भागांनी तेव्हा जगभर धुमाकूळ घातला होता. गाड्यांचे ब्रेक लागेनात, दवाखान्यांतले पंप मध्येच बंद पडू लागले, माणसं हकनाक मेली. तेव्हा बड्या उत्पादकांनी मिळून ठरवलं, की यापुढं प्रत्येक चिप आपल्या शेजाऱ्यांचे ठसे ओळखेल. पहिल्यांदा वीज मिळाली की ती आजूबाजूला कोण कोण आहे ते पाहून घेईल, कायमचं लक्षात ठेवील आणि पुढं त्याच शेजाऱ्यांबरोबर काम करील. त्यातला एक जरी बदलला तरी तोंड मिटून बसेल. या योजनेचं नाव शेजार-ओळख. बनावट माल वर्षभरात नाहीसा झाला. त्याच्या मागोमाग दुरुस्तीही नाहीशी झाली, आणि एखाद्यानं स्वतःच्या डोक्यानं, स्वतःच्या हातानं एकच नग बनवून बघण्याचा धंदाही. कोऱ्या चिपा आता फक्त नोंदणीवाल्या कंपन्यांना मिळत, त्याही दहा-दहा हजारांच्या खोक्यांनी.

उद्यमनगरच्या कारागिरांनी या प्रकाराला आपल्या परीनं नावं दिली. शेजारी न पाहिलेला नग तो कोरा. पाहिलेला तो लग्नाचा. मोडक्या यंत्रातून उपटून काढलेला, कुणाशी न बोलणारा, तो विधुर. आणि विधुराला भट्टीत भाजून त्याची आठवण घालवली, आणि तो नव्या शेजाऱ्यांत नांदायला तयार झाला, की तो बिजवर.

हिंदुरावांचा जन्म असले एकेकटे नग करण्यात गेला होता. साखर कारखान्याला रसाची घनता मोजायचं यंत्र, फौंड्रीला वाळूतला ओलावा सांगणारी सुई, इंजिनिअरिंगच्या पोरांचे प्रकल्प. शेडमध्ये एक लेथ, एक ड्रिल, वाइस, आणि कोपऱ्यात शालनचं वाइंडिंगचं टेबल. शालन म्हणजे त्यांची बायको. मोटारींची तार ती गुंडाळायची. आता डावीकडची शेड कुरिअरचं गोदाम झाली होती आणि उजवीकडची बंद होती. दिवसदिवस कुणी आत यायचं नाही. मध्यंतरी तर हिंदुराव लेथशी बोलायला लागले होते, आणि आपण बोलतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी उगाच खोकून घेतलं होतं, जसं काही लेथला वाईट वाटेल.

अशात एक दिवस हुपरीहून पद्मावती मगदूम आल्या. वय पन्नाशीच्या पुढं, कपाळ मोकळं, हातात चांदीच्या पैंजणाचा अर्धा तुकडा.

"एकेकच वस्तू करून देणारं मिस्त्री ते तुम्हीच न्हवं?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"मीच. या की आत."

त्यांनी उजवा हात पुढं केला. हात शांत होता. मग त्यांनी पैंजण चिमटीत धरला आणि घुंगरू वाजायला लागले. वाजतच राहिले.

"मोकळा असला की गप असतोय," त्या म्हणाल्या. "कायतरी धरलं की सुरू. बत्तीस वर्सं पैंजणाच्या कड्या झाळतोय मी, ज्योतीवर सांधा जोडतोय. आता कडी चिमट्यात धरली की ज्योत हिकडं आन कडी तिकडं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्यानं झोप येत्या. आगीम्होरं झोपून कसं चालंल?"

थरथरत्या हातांसाठी बाजारात चमचे मिळत होते, पेनं मिळत होती. आतली चिप हाताचा हेलकावा ओळखते आणि चमच्याच्या मानेतल्या दोन चिमुकल्या मोटारी टोक बरोबर उलट्या दिशेला हलवतात, म्हणजे हात हलला तरी टोक जागचं हलत नाही. पण आगीजवळ वापरायचं हत्यार कुठलीच कंपनी करेना. हुपरीतल्या काही बायकांसाठी तर नाहीच नाही.

"काम बंद झालं तरी पोट भरंल तुमचं?" हिंदुरावांनी विचारलं.

"पोटाचं काय, भाचा हाय, बघतोय. पॅकिंगला बसवलंय मला. पर पॅकिंग हाय कडंला, ओसरीवर. झाळणाऱ्या समद्या आत, गोल करून बसत्यात. धाजणी हाईत. दिसभर बोलणं चालतंय." त्यांनी पैंजण खाली ठेवला. "मालक जाऊन अकरा वर्सं झाली. त्या गोलात बसून काढली मी. आता आतलं हसणं भाईर ऐकू येतंय, आन कशाला हसल्या ते कळत न्हाई."

हिंदुरावांनी लगेच हो म्हटलं. दर काय, मुदत काय, काहीही न विचारता म्हटलं. आतलं हसणं बाहेर ऐकू येणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बाकीचं सगळं भराभर जमलं. चिमट्यासाठी हलका ॲल्युमिनियमचा दांडा त्यांनी लेथवर काढला. मिरजेच्या एका दंतवैद्याच्या निकामी ड्रिलमधून मोहरीएवढ्या गोळ्यांचे बेअरिंग मिळाले. मोटारी एका पडलेल्या ड्रोनमधल्या. मोटारीला शेजार-ओळख नसते, तिला आठवण ठेवायला जागाच नाही. अडलं ते तोल-चिपेपाशी. हात कसा हलतोय हे ओळखून पुढचा हेलकावा यायच्या आत उलटी हालचाल ठरवणारी ती चिप. पुणे झालं, बेळगाव झालं, सांगली, हुबळी झाली. शेवटी नेहमीसारखे ते शाहूपुरीत शिकलगारांच्या दुकानात जाऊन बसले.

इस्माईल शिकलगार सुट्या भागांचे जुने व्यापारी. दुकानामागं त्यांच्या थोरल्या भावाची बंद पडलेली बेकरी होती आणि तिच्या भट्टीत पूर्वी नानकटाई भाजली जायची तिथं आता चिपा भाजल्या जात. चिपेची आठवण म्हणजे काचेच्या पापुद्र्याआड कोंडून ठेवलेली कणभर वीज. थंड राहिली तर वीस वर्षं कोंडलेली राहते, अडीचशे अंशांवर दहा तास ठेवली तर पाझरून जाते. अडचण एवढीच, की आठवणीबरोबर कधीकधी चिपही जाते.

"पाचांत दोन उठत्यात," शिकलगार म्हणाले. "तुमच्यासाठी दोन भाजल्या व्हत्या. दोन्ही गेल्या. आता तोल-चिप माझ्याकडं न्हाई, मिस्त्री. माणूस गेला की कंपनी चमचा माघारी नेत्या, मग मिळणार कुठनं?"

"कुणी तरी नसंल दिला माघारी."

शिकलगारांनी त्यांच्याकडं पाहिलं. मग चहा सांगितला आणि विषय बदलला.

माघारी न दिलेला एक चमचा हिंदुरावांच्या घरी होता.

शालनला कंपवात झाला तेव्हा तो घेतला. तिचा कंप संथ होता, सेकंदाला चार हेलकावे. चमच्यानं तीन आठवड्यांत तिचा हात पाठ केला. मग डॉक्टरांनी ते शिकणं कुलूपबंद केलं, घरातल्या दुसऱ्या कुणी चमचा उचलला तर त्यानं भलतंच शिकू नये म्हणून. शालन पुढं पाच वर्षं त्या चमच्यानं स्वतःच्या हातानं जेवली. ती गेल्यावर कंपनीचा माणूस आला, तेव्हा हिंदुरावांनी चमचा हरवला म्हणून सांगितलं. आयुष्यात ते खोटं फार कमी बोलले होते, त्यातलं हे एक.

त्यानंतर एक दिवस त्यांनी तो सहज हातात धरला, आणि चमचा हलायला लागला. हिंदुरावांचा हात कारागिराचा, दगडासारखा स्थिर. पण चमच्याला शालनचा हात पाठ होता, तो त्याचीच वाट धरून निघाला. सेकंदाला चार. ती हालचाल शालनच्या थरथरीच्या बरोबर उलट होती हे हिंदुरावांना कळत होतं, पण थरथर उलटी केली तरी थरथरच. तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला ते त्या चमच्यानं उप्पीट खात. सुरुवातीला निम्मं सदऱ्यावर सांडायचं. आता रव्याचा एक कणही सांडत नव्हता. चमचा जुना झाला असावा, त्याचा जोर कमी झाला असावा, असं त्यांना वाटे, आणि मग जिवाला चुटपुट लागे.

पद्माक्का आठवड्यातून एकदा दांड्याचं माप द्यायला येत. त्या दिवशी दुपारी त्या आल्या तेव्हा हिंदुराव पाठमोरे उभे राहून फोनवर बोलत होते. पलीकडे शिकलगार, त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे आवाज चढलेला.

"बिजवर आता भाईर कुठं मिळत न्हाई ओ! घरातलाच एक हाय... व्हय, शालनच्या माघारी राहिलेला तोच... पद्माक्कांचं जमंल की त्याच्याशी, चांगलं जमंल. माझंच मन धजंना झालंय... न्हाई, बाईंना अजून काय बोललो न्हाई. कसं बोलायचं? लाज वाटत्या."

फोन ठेवून ते वळले तेव्हा दारात कुणी नव्हतं. वाइसजवळ भडंगाचा डबा तेवढा ठेवलेला होता. बाई घाईत असतील असं समजून हिंदुरावांनी मूठभर भडंग तोंडात टाकलं.

नंतर पद्माक्का आठवडाभर आल्या नाहीत. फोन घेईनात. आठव्या दिवशी त्यांच्या आवाजात रेकॉर्ड केलेला निरोप आला. "मिस्त्री, चिमटा नको. केलासा तेवढं राहू द्या. मी एकटी बाई हाय म्हणून कुणी परस्पर माझं ठरवावं, हे मला पटत न्हाई. बिजवराचं समदं माझ्या कानावर आलंय. अकरा वर्सं मी मान खाली घालून ऱ्हायलो न्हाई, आताबी घालणार न्हाई. डबा कुणाच्या तरी हातनं पाठवा."

हिंदुरावांनी निरोप तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांच्या डोक्यात उजेड पडला आणि ते एकदम मोठ्यानं हसले. पोट धरून हसले. हसता हसता ते शालनच्या वाइंडिंगच्या टेबलाकडे वळले, तिला सांगायला. तिथं रिकामं रीळ होतं आणि त्यावर धूळ होती. हसू जसं आलं तसं गेलं. एवढी मजेची गोष्ट आणि ती सांगायला माणूस नाही, याचं त्यांना जे दुःख झालं ते मागच्या चार वर्षांत कुठल्याही तिथीला, कुठल्याही श्राद्धाला झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धुतलेला डबा आणि चमचा पिशवीत घालून ते अकराच्या बसनं हुपरीला गेले.

घर सापडायला वेळ लागला नाही. आत सोप्याच्या खोलीत बायका गोल करून बसल्या होत्या, प्रत्येकीपुढं बोटभर निळी ज्योत. पद्माक्का ओसरीवर भिंतीला टेकून पैंजणाच्या जोड्या पिशव्यांत भरत होत्या. हिंदुराव दिसताच आतलं बोलणं थांबलं. ज्योती तेवढ्या फुरफुरत राहिल्या.

"डबा पाठवा म्हटलं व्हतं," पद्माक्का न उठता म्हणाल्या.

"आणलाय. आन बिजवरबी आणलाय."

हिंदुरावांनी पिशवीतून चमचा काढून पायरीवर ठेवला.

"हा?"

"अजून झालेला न्हाई. भाजला की हुईल." मग त्यांनी कोरा म्हणजे काय, लग्नाचा म्हणजे काय, विधुर कोण आणि बिजवर कोण, सगळं पायरीवर बसून सांगितलं. बोलताना त्यांचे कान तापले होते. आतून एक बारीक आवाज आला, "म्हंजे अक्का, तुला चमच्यानं मागणी घातल्या," आणि सगळा सोपा हसायला लागला. मग पद्माक्कांनाही हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या कितीतरी वेळ हसल्या. हिंदुरावांना बरं वाटलं. निदान आज बाईंना हसण्याचं कारण कळलं होतं.

"आन शालन कोण?" डोळे पुसत त्यांनी विचारलं.

"मंडळी. चार वर्सं झाली."

पद्माक्कांनी चमचा उचलला. त्यांचा हात एका चालीनं थरथरत होता, चमचा दुसऱ्याच. "माझं ऐकंना ह्यो."

"तुमची थरथर सेकंदाला आठ. तिची चार. तिचंच पाठ हाय त्याला." हिंदुरावांनी चमचा स्वतःच्या हातात घेतला. त्यांचं मनगट निश्चल, आणि पुढं चमचा संथपणे हलत राहिला. पद्माक्कांनी हलत्या टोकावर दोन बोटं अलगद टेकवली.

"अशा थरथरत व्हत्या?"

"ह्याच्या उलट्या."

त्यांनी बोटं काढून घेतली. "न्हाई, मिस्त्री. हे भाजू नका. मी बसतो की पॅकिंगला. बसलोय न्हवं आता." मग पिशवीचं तोंड दुमडत त्या म्हणाल्या, "पर एक बोलू? राग मानू नका. ह्यात त्या न्हाईत. त्यांचं दुखणं हाय हे."

हिंदुरावांना राग आला. चहा न घेताच ते उठले.

बस पट्टणकोडोलीच्या पुढं आली तरी राग उतरला नव्हता. ही कोण सांगणार? आपण शालनचा हात ओळखत नाही की काय? त्यांनी डोळे मिटून तो हात आठवायला घेतला, बाईंना मनातल्या मनात उत्तर म्हणून. शालन केसाएवढी तार गुंडाळायची, चार-चार हजार वेढे, मनात मोजत. मध्येच काही विचारलं तर बोलायची नाही, डाव्या हाताचं एक बोट वर करायची: थांबा, आकडा चुकेल. तीस वर्षं त्यांनी ते बोट पाहिलं होतं. काय रोखठोक बोट होतं ते. हिंदुरावांनी ते डोळ्यांसमोर आणलं, आणि ते थरथरत होतं. पुन्हा आणलं. लग्नाच्या पहिल्या वर्षाचं आणलं, मुलगा पोटात होता तेव्हाचं आणलं. प्रत्येक बोट सेकंदाला चार.

ते घराच्या थांब्यावर उतरले नाहीत. तसेच पुढं शाहूपुरीला गेले.

शिकलगारांनी चमचा बघितला. "सकाळी आठला भट्टी लावतो," एवढंच म्हणाले.

सकाळी हिंदुरावांनी स्वतःच्या हातानं गरम हवेची नळी धरून चिप चमच्यातून सोडवली. तांदळाच्या दाण्याएवढी काळी चौकोनी वस्तू. ती त्यांनी पत्र्यावर ठेवली आणि शिकलगारांनी भट्टीचं दार लावलं. दहा तास दोघं दुकानात बसून होते. एकही गिऱ्हाईक आलं नाही. भट्टी तापली की विटांमधून अजून नानकटाईचा वास यायचा, तो दुपारभर येत राहिला. शिकलगार एकदा म्हणाले, "घरी जाऊन या की," आणि हिंदुराव म्हणाले, "घरी काय हाय?"

संध्याकाळी चिप निवल्यावर त्यांनी ती नव्या पट्टीवर बसवली. नव्या मोटारी, नवी बॅटरी, नवे शेजारी. वीज दिली. काही झालं नाही. आणि त्या अर्ध्या क्षणात हिंदुरावांना स्वतःच्या मनाचा तळ दिसला: ती मेलेलीच असावी असं त्यांना वाटत होतं. कुणाचीच झाली नाही तर बरं. मग हिरवा दिवा लागला.

"उठला," शिकलगार म्हणाले.

हिंदुरावांनी नुसती मान हलवली. शरमेनं त्यांनी नजर पट्टीवरच ठेवली.

पुढचे अकरा दिवस ते रोज हुपरीला जात होते. चिमटा पद्माक्कांच्या हाताचा हेलकावा शिकत होता. चिप कुठून आली हे बाईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं. त्यांनी हात जोडले, हिंदुरावांनी "राहू दे" म्हटलं आणि चिमटा त्यांच्या हातात दिला. सकाळी हिंदुराव उप्पीट करीत नव्हते. चहात खारी बुडवून खायची आणि बस पकडायची. चमच्याचा विचारही नको होता.

बाराव्या दिवशी पद्माक्कांनी चिमट्यात कडी धरली. हात थरथरत होता; दांडा थरथरत होता; पण चिमट्याच्या टोकाला कडी अधांतरी खिळल्यासारखी उभी होती. त्यांनी ज्योत जवळ नेली. चांदीचा झाळ एकदम पाण्यासारखा चमकून सांध्यात उतरला. दुसरी कडी. तिसरी. गोलातल्या म्हाताऱ्या बाईनं डोळे बारीक करून सांधा पाहिला आणि शेजारणीला कोपर लावला. "सरक गं. जागा दे तिला."

दहाजणी इंच-इंच सरकल्या आणि गोलात एका माणसाची जागा झाली. पद्माक्का तिथं जाऊन बसल्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, आणि हिंदुरावांनाही तेच योग्य वाटलं. मिनिटभरात आत कशावरून तरी हशा पिकला. कशावरून ते ओसरीवर उभ्या असलेल्या हिंदुरावांना कळलं नाही. त्यांनी चपला घातल्या आणि ते निघाले.

दुसऱ्या दिवशी कुठं जायचं नव्हतं. त्यांनी उप्पीट केलं, ताटली घेतली, मांडणीवरचा साधा स्टीलचा चमचा घेतला आणि पहिला घास उचलला.

हात थरथरला.

उप्पीट सदऱ्यावर सांडलं. हिंदुरावांनी चमचा खाली ठेवून हात पुढं धरला. हात स्थिर. पाना उचलला, स्थिर. कानस धरली, स्थिर. पुन्हा ताटलीशी बसून चमचा उचलला, आणि हात हलायला लागला, संथ, एका लयीत. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत मोजलं. चार.

आपल्यालाही आता हे दुखणं लागलं, असं त्यांना क्षणभर वाटलं. मग त्यांच्यातला मिस्त्री जागा झाला. चार वर्षं रोज सकाळी तो चमचा हलत होता आणि उप्पीट सांडू नये म्हणून त्यांचा हात नकळत त्याला सावरायला शिकला होता, तेही फक्त ताटलीसमोर, घास उचलताना. म्हणून सांडायचं थांबलं होतं. चमचा जुना झाला नव्हता, हात शिकला होता. आता सावरायला चमचा नाही, पण हाताला ते ठाऊक नाही. जत्रेतल्या पाळण्यातून उतरल्यावर पाय थोडा वेळ हलत राहतात तसं. चमचा शालनच्या उलटा हलायचा आणि हात चमच्याच्या उलटा. उलट्याचा उलटा. म्हणजे ही हालचाल कशाच्याही उलटी नव्हती. ही सरळ शालनचीच थरथर होती, होती तशी.

ते आपल्या हाताकडे बघत राहिले. पद्माक्का म्हणाल्या ते खरं असेल. दुखणंच असेल हे. पण पाच वर्षं हेच दुखणं घेऊन ती या ताटलीसमोर बसली होती आणि एकदाही कुणाला भरवू दिलं नव्हतं.

हेही टिकणार नव्हतं. भट्टी लागणार नव्हती, नुसती सवय मोडायची होती. साध्या चमच्यानं घेतलेल्या प्रत्येक घासागणिक हाताला कळत जाणार, की सावरण्यासारखं आता काही नाही. आठवडाभर, फार तर पंधरा दिवस. मग हा हात पुन्हा कारागिराचा होईल, दगडासारखा.

हिंदुरावांनी चार घास खाल्ले, सांडत सांडत. मग चमचा ताटलीच्या कडेला ठेवला आणि उरलेलं उप्पीट हातानं खाल्लं. थोडी थरथर उद्यासाठी राखून ठेवायची होती.